सोलेदादचे पाय

आमच्या चर्चचा फोटो तुम्ही मासिकात पाहिला असेल, तर त्यात मी नाही. माझी मेणबत्त्यांची टपरी नाही, पायरीवर झोपणारी पिवळी कुत्री नाही, पंखे नाहीत, प्लास्टिकच्या खुर्च्या नाहीत, आणि माणसं तर नाहीतच. फोटोत एका मूर्तीखेरीज नुसतं उघडं सिमेंट आहे, वर लाकडी पट्ट्यांचं छप्पर आहे, आणि एका बाजूने ऊन असं आत येतंय की जणू त्याला आमंत्रण देऊन बोलावलंय. रविवारी आम्ही त्याच उन्हात बसतो तेव्हा पाठी भिजून निघतात आणि पाद्रेंचं प्रवचन संपता संपत नाही. पण मासिकात घाम छापता येत नाही.

त्या फोटोमुळे आता लांबून लांबून लोक येतात. बहुतेक आर्किटेक्टच. ओळखायला सोपे असतात. काळे कपडे घालतात आणि आत शिरल्यावर क्रुसाची खूण करायच्या आधी भिंतीला हात लावून बघतात. मग बाहेर येऊन माझ्याकडून मेणबत्ती घेतात आणि इथल्या रीतीने मला मानांग, म्हणजे ताई, म्हणत विचारतात, "मानांग, आतली ती मूर्ती काय सुंदर आहे हो! पहिल्यापासून अशीच, कपड्यांशिवाय?"

"नाही," मी म्हणते. "तुमच्यातल्याच एकाने उघडी केली."

ते हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी विनोदी आहे.

मूर्तीची गोष्ट म्हणजे सालुद तालेओनची गोष्ट. सालुद आता गावात नाही. तिच्यावर माझा राग होता, अजून आहे, आणि तो लपवून मी सांगणार नाही.

आमची सोलेदाद माउली म्हणजे मुलगा गेल्यावर एकटी पडलेली मारिया. सालुद तिची कामारेरा होती, म्हणजे माउलीला कपडे घालणारी बाई. आधी तिची आई होती, आईच्या आधी आईची मावशी. एका वेळी एकच बाई. पडदे ओढून तिने एकटीने माउलीचे कपडे उतरवायचे आणि एकटीनेच चढवायचे. पुरुषाची सावलीसुद्धा नको, आणि बायकांनीही बघायचं नाही. तेवढा वेळ पाद्रेसुद्धा बाहेर अंगणात उभे राहायचे, पावसात असले तरी. आम्ही जन्मभर माउलीचं पाहिलं ते एवढंच: फिकट चेहरा, गालांवर काचेचे अश्रू, लांब काळे केस, जोडलेले हात, आणि गळ्यापासून जमिनीपर्यंत काळी मखमल.

सालुदने लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायची, "मला सासू आहे. ती वेदीवर उभी आहे. आणखी एक कशाला?"

पण सासूपेक्षा सूनच खाष्ट होती. सणाला झग्याच्या काठाचं चुंबन घ्यायला बायकांची रांग लागायची आणि सालुद ओला रुमाल घेऊन शेजारी उभी. प्रत्येकीनंतर काठ पुसायची. तेही समजू शकते, पण पुसताना तोंड चालू. "लिपस्टिक पुसून ये आधी. माउली काय तुझा नवरा आहे?" माझ्या धाकट्या बहिणीला लग्नाआधी दिवस गेले होते. भर रांगेत सालुदने तिच्या तोंडासमोरून काठ मागे ओढला. "तू राहू दे. तुझ्याआधी तुझं पोटच पोचतंय." पुढच्या-मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. बहीण सेबूला गेली ती तिकडचीच झाली. आई मेली तेव्हाही आली नाही.

तरी सालुदला कुणी काही बोलत नव्हतं, कारण आमची माउली चालायची आणि ते फक्त सालुदला कळायचं.

झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा शुक्रवार हा माउलीचा सण. त्या सकाळी सालुद माउलीचा रोजचा झगा उतरवून जरीचा घालायची आणि रोजचा झगा हातावर टाकून पडद्यामागून बाहेर यायची. काठ उचलून दाखवायची. काठाला कुसळं. उसाच्या बांधावर जे गवत वाढतं, त्याची. कधी वाळलेला चिखलही असायचा. म्हणजे रात्रीत माउली गावभर हिंडून आली, आजाऱ्यांच्या दाराशी थांबून आली. आम्ही सगळे गुडघ्यांवर. मग सालुद एकेक कुसळ उपटून वाटायची. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, ते तिच्या मर्जीवर. लोक ती कुसळं उशीत शिवायचे, नाहीतर उकळून पाणी प्यायचे. माझा नवरा दम्यावर ते पाणी प्यायला. दमा होता तसाच राहिला, नवरा राहिला नाही. पण मी सालुदकडे तक्रार केली नाही. तक्रार केली की उत्तर ठरलेलं होतं.

ते उत्तर काय होतं, ते लुदीला विचारा. लुदी माझ्या टपरीशेजारी बसून साम्पागिताच्या माळा विकते. बोलते कमी, ओवते जास्त. तिचा एकच मुलगा होता, जोमार. एका पावसाळ्यात तो तापाने फणफणला, अंगावर लाल ठिपके उठले. मी म्हटलं, "लुदी, जीपनी पकड आणि शहरातल्या इस्पितळात ने त्याला." लुदी सालुदकडे गेली. सालुदने आपल्या डब्यातली मूठभर कुसळं तिला दिली. एरवी दोन द्यायची.

"उकळून पाज, आणि मनात शंका आणू नकोस," ती म्हणाली. "शंकेखोराच्या दाराशी माउली थांबत नाही."

शंका नको म्हणून लुदी इस्पितळात गेलीच नाही. पोराच्या नाकातून रक्त यायला लागलं तरी ती पाणी पाजत राहिली. जोमार गेला. त्याला पुरून परत येताना लुदीने सालुदला विचारलं, "मानांग, माझं काय चुकलं?"

"तुझा विश्वास कमी पडला, इंदाय," सालुद म्हणाली, लेकीला 'पोरी' म्हणावं तसं.

मी शेजारीच होते. मला वाटलं, आता लुदी हिच्या झिंज्या उपटते. मी लुदीला आवरणार नव्हते. पण लुदीने नुसती मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून चर्च झाडायला लागली. रोज, फुकट. कमी पडलेला विश्वास भरून काढत होती बिचारी.

मग ते वादळ आलं आणि जुन्या चर्चचं छप्पर उडून उसात जाऊन पडलं. भिंतीही गेल्या. माउली कोनाड्यात सुखरूप. मळ्याच्या मालकाचा मुलगा मनिलात असतो; त्याने नवं चर्च बांधून द्यायचं कबूल केलं आणि आपला मित्र पाठवला, आर्किटेक्ट बार्सेनास. डोक्यावर केसांचा बुचडा, बोलणं साखरेचं. उसाच्या गावात साखरेचं कौतुक ते काय असणार, पण आमचे पाद्रे जुनेल वयाने लहान, ते विरघळले.

सभेत आर्किटेक्टने पुठ्ठ्याचं चर्च टेबलावर ठेवलं. दार नाही. खिडक्या नाहीत, कारण तीन बाजूंना भिंतीच नाहीत. कपाट नाही, पाद्रेंना कपडे बदलायला खोली नाही.

"आणि पाऊस आला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"येऊ दे की!" आर्किटेक्ट म्हणाला. त्याला पावसाचा फार आनंद होता. तो राहणार होता मनिलात.

सालुद उठली. "माउलीचे कपडे कुठे बदलायचे?"

"वेदीवरच, मानांग. सगळ्यांसमोर. देवाच्या घरात लपवायचं काय असतं?"

"तू आंघोळ कुठे करतोस रे, आर्किटेक्ट?" सालुद म्हणाली. "भर बाजारात?"

सभा खो खो हसली. आर्किटेक्टही हसला, आणि चर्च पुठ्ठ्यातल्यासारखंच बांधलं. सालुदनेही ऐकलं नाही. तिने रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून चार बांबू रोवले, त्यांच्यावर घरातल्या फुलाफुलांच्या चादरी टांगल्या, आणि वेदीच्या बाजूला आपली खोली उभी केली.

"मानांग, निदान पांढऱ्या तरी लावा," पाद्रे काकुळतीला आले.

"पांढऱ्यातून दिसतं, पाद्रे."

चर्चच्या मंडळाच्या अध्यक्ष मॅडम ग्लोरिफे. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही माणसाशी बोलताना फळ्याकडे बोट दाखवल्यासारखं बोलतात. त्यांना फार वर्षांपासून कामारेरा व्हायचं होतं आणि सालुदने त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्या हाताला खडू लागलाय." त्या चादरींकडे बघून मॅडम नुसत्या हसायच्या.

चर्च झाल्यावर वर्षभराने मासिकाची माणसं आली. आर्किटेक्ट, कॅमेरावाला एक गोरा, आणि त्याचे पेटारे उचलणारी माणसं. आल्या आल्या त्यांनी चर्च रिकामं करायला घेतलं. खुर्च्या उचलल्या, पंखे उचलले, दानपेटी उचलली, फुलदाण्या, भिंतीवरचं मिस्साचं वेळापत्रक. मग मला येऊन म्हणाले, "आजी, जरा टपरी हलवता का? फोटोत येते."

"चर्च तुमचं फोटोत येतंय," मी म्हटलं. "टपरी आधीपासून इथेच आहे."

चौघांनी टपरी उचलून वडाखाली ठेवली. कुत्रीला बिबिंकाचा तुकडा दाखवून नेलं. मला तेवढंही नाही दाखवलं.

सालुदला मात्र त्या दिवशी पंख फुटले होते. आर्किटेक्टने तिला शब्द दिला होता की माउलीचाही फोटो काढू. जगभरात जाणार ते मासिक! मग रोजचा झगा कसा चालेल? तिने चादरींमध्ये शिरून रोजचा झगा उतरवला, केस विंचरायला म्हणून काढून ठेवले, जरीचा झगा पेटीतून काढला आणि बघते तर त्याला घडीची सुरकुती. जन्मभर ती सुरकुती कुणाला खुपली नव्हती. पण मासिकात जायचं म्हणजे इस्त्री हवी. झगा छातीशी धरून ती घराकडे पळाली. जाताना लुदीला पहाऱ्याला बसवलं.

"पाठ करून उभी राहा. आत बघशील तर आंधळी होशील."

लुदी पाठ करून उभी राहिली. नुसती पाठ नाही. चुकूनसुद्धा नजर जाऊ नये म्हणून तिने ॲप्रन वर करून तोंडावर घेतला. आमच्याकडे माउलीवर पहारा असाच देतात, डोळे मिटून. चोराला हे माहीत नव्हतं म्हणून इतकी वर्षं निभावलं.

ऊन वळायला लागलं. कॅमेरावाला घायकुतीला आला. चादरी मध्ये येत होत्या. आर्किटेक्टने पाद्रेंना सांगितलं, पाद्रेंनी लुदीला. "दोनच मिनिटं, लुदी. बाजूला हो. आपण कुणी बघायचं नाही म्हणजे झालं." आणि पाद्रेंनी पाठ फिरवली. लुदी तोंडावर ॲप्रन तसाच धरून चार पावलं सरकली. मी वडाखाली होते. चादरी सोडताना दिसल्या तशी मीही मान वळवली. बायकांनी मान वळवली, मंडळाच्या पुरुषांनी मान वळवली. अख्ख्या गावाने इमानदारीत पाठ केली, आणि ज्यांना पाठ करायची रीत ठाऊक नव्हती त्यांनी फोटो काढला. मग चादरी पुन्हा लावून दिल्या, चांगल्या घड्या पाडून.

सालुद इस्त्री करून आली. तिने माउलीला नटवलं, चादरी स्वतः बाजूला केल्या. कॅमेरावाल्याने एक फोटो काढल्यासारखं केलं. मागे काय घडलं हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं कुणी काही पाहिलंच नव्हतं.

मासिक निघालं ते बरोबर सणाच्या तोंडावर. मनिलाहून मुखपृष्ठाचा फोटो मंडळाच्या फोनवर आला. आणि आमच्याकडे चांगलं काही झालं की फ्लेक्स लागतो. पोरगी नर्सिंगची परीक्षा पास झाली, फ्लेक्स. कोंबड्याने झुंज जिंकली, फ्लेक्स. मग चर्च जगभरात गाजलं तर? मॅडम ग्लोरिफेंनी तो फोटो उघडूनही न बघता शहरातल्या छापखान्याला पुढे ढकलला आणि बरोबर मंडळाच्या लोकांचे हसरे फोटो पाठवले; ते मात्र निवडून निवडून. छापखान्यातल्या माणसाला आमची माउली कशी असते ते काय माहीत? त्याने छापला. सणाच्या सकाळी, मिरवणुकीला सगळं गाव अंगणात जमलेलं असताना, पोरांनी तो गुंडाळलेला फ्लेक्स वडाच्या फांदीवरून खाली सोडला.

वर मोठ्या अक्षरांत हार्दिक अभिनंदन. चार कोपऱ्यांत मंडळाचे दात. आणि मध्ये, घराएवढी, आमची सोलेदाद.

टक्कल. केस नाहीत, नुसतं लाकडी डोकं. गालांवर काचेचे अश्रू तेवढे होते. खांद्यांपासून काठ्यांचे हात लोंबत होते, त्यांना पुढे खरे पंजे. आणि छातीखाली शरीरच नव्हतं. पट्ट्या ठोकून केलेलं कोंबड्यांचं खुराडं असतं ना, तसलं काहीतरी, खाली एका फळीवर खिळवलेलं. पट्ट्यांमधून पलीकडची भिंत दिसत होती. वर छपराच्याही तसल्याच पट्ट्या, आणि दोन्हीकडून तेच ऊन.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची त्या क्षणी उघडली.

बायकांनी रुमालाने, टॉवेलने, हाताला लागेल त्याने डोळे झाकले आणि बोटांमधून बघितलं. मीही बघितलं. फोटोखाली इंग्रजीत ओळी होत्या. मॅडम ग्लोरिफे सवयीने पुढे झाल्या आणि वर्गात वाचावं तशा वाचून त्यांचा अर्थ सांगायला लागल्या: "या वास्तूत काहीही झाकलेलं नाही. इथली मूर्तीसुद्धा आपला सांगाडा प्रामाणिकपणे..." आणि आपण काय वाचतोय हे कळून थांबल्या.

तेवढ्यात चादरींमधून सालुद बाहेर आली. हातावर रोजचा झगा, काठ उचललेला, काठाला कुसळं. "चालून आली माउली!" ती दरवर्षीसारखी ओरडली.

गुडघ्यांवर कुणीच गेलं नाही. मग तिने वर बघितलं.

मला वाटलं होतं ती किंचाळेल. तिने फक्त झगा छातीशी घट्ट धरला, जणू तो धरला की वरचीही झाकली जाईल.

"पाय कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं. आवाज हळू होता, पण त्यात इतक्या वर्षांचा खडू होता. "सालुद, माउलीला पायच नाहीत. मग ही कुसळं कुणी आणली?"

आता गावाला जीभ फुटली. "बोल की!" "माझी आई तीन वर्षं पाणी प्यायली त्याचं!" "आम्हाला गवत विकलंस, गवत!" "विकलं कुठे, मेहेरबानी करून दिलं!" पाद्रे जुनेल हात वर करत मध्ये आले, कुणी ऐकेना, तेव्हा आत निघून गेले. पण आमच्या चर्चला आत असं काही नाही. त्यामुळे ते वेदीमागे उभे आहेत हे सगळ्यांना दिसत होतं.

सालुदने मान ताठ केली. "मी चालायचे," ती म्हणाली. "मीच. हा झगा घालून."

तिने झग्याचा काठ पुढे धरला.

"तिला पाय नाहीत हे आईने मला दाखवलं तेव्हा मीही रडले होते. आई म्हणाली, रडतेस काय, म्हणून तर आपल्याला ठेवलंय. तिला लोकांच्या दाराशी जायचं असतं. तिला पाय नाहीत, आपल्याला आहेत. आई चालायची, मग मी चालले. अनवाणी. एकेका आजाऱ्याच्या दाराशी उभी राहून माळ म्हणत होते मी. तुम्ही घोरत होतात."

मला तेव्हा तिचं जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिने चोरी म्हणून केलं नव्हतं. पण बहिणीचं तोंड आठवलं आणि वाईट वाटणं मी आत ढकललं.

"मग घाल," मॅडम ग्लोरिफे म्हणाल्या. "घाल तो झगा आणि चालून दाखव. आज मिरवणूक तुझीच."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. चार बायकांनी तिच्या हातातून झगा ओढला आणि तिच्या डोक्यातून घातला. तिच्या चपला कुणीतरी उसात भिरकावल्या. नाताळातली चमकी तिच्या डोक्याला गुंडाळली. बँडवाल्यांना माउलीचं गाणं वाजवायला लावलं, तेही झोकात, लग्नातल्यासारखं. सालुद साठीच्या पुढची, मखमल जड, ऊन डोक्यावर. तिने कुणाचा हात धरला नाही. चालायला लागली. चर्चवरून बांधावर, बांधावरून वस्तीत, वाट तिला पाठ होती. मागून लोक ओरडत होते, "माउली, आमच्या दाराशी थांब ग!" "माउली, माझं गळू बघ!" एकाने तिच्यावर शहाळ्याचं पाणी उडवलं. ती प्रत्येक घराशी थांबली. चेष्टा म्हणून ते थांबायला सांगत होते; ती मात्र ओठ हलवत होती. माळ म्हणत होती.

लुदी सकाळपासून कुणाला दिसली नव्हती. तिचं घर वस्तीच्या टोकाला. आम्ही तिथे पोचलो तर ती दारात उभी. मला वाटलं, आता काय ते होणार. हिशोब असेल तर लुदीचा आहे, बाकीच्यांचा नुसता तमाशा. गावालाही तेच वाटलं असावं. बँड बंद पडला.

लुदी पुढे आली आणि सालुदच्या पायांशी गुडघ्यांवर बसली. तिने झग्याचा काठ उचलून कपाळाला लावला. मग काठाची कुसळं एकेक करून उपटायला लागली, मुठीत गोळा करायला लागली.

"अग ए, वेडे!" मी ओरडले. "ती सालुद आहे!"

"हो का?" लुदी म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती वर, सालुदच्या तोंडाकडे बघत होती. "मानांग, तुम्ही यांना घाबरून बोललात ना? तुम्ही नव्हता. तीच होती. फोटोत काय, फोटोत काहीही दाखवतात. माझ्या दाराशी तीच आली होती ना, जोमार आजारी होता तेव्हा?"

सालुद तिच्या मुठीकडे बघत राहिली.

"एकदा म्हणा," लुदी म्हणाली. "ती आली होती, माझाच विश्वास कमी पडला. तुम्हीच म्हणाला होता ना? तेवढंच म्हणा. मी रोज झाडते, मानांग. जन्मभर झाडेन."

मला तेव्हा कळलं. सगळं गाव सालुदला खोटी ठरवायला निघालं होतं आणि एकट्या लुदीला ती खरी हवी होती. माउली चालत असेल तर लुदीचा विश्वास कमी पडला, एवढंच. चालत नसेल, तर लुदीने आपल्या हाताने पोराला गवताचं पाणी पाजून मारलं. आम्ही हे सारं ओरडत होतो तेव्हा ती घरात बसून हेच मोजत होती.

सालुद खाली वाकली. डोक्याची चमकी तिच्या डोळ्यांवर आली होती, ती तिने बाजूला केली. तिचा चेहरा मी इतका मऊ कधी पाहिला नव्हता. तिने लुदीच्या गालाला हात लावला.

"मीच होते, इंदाय," ती म्हणाली. "तुझ्या विश्वासात काही कमी नव्हतं. मी उगाच बोलले तुला. त्याला इस्पितळात न्यायला हवं होतं. वाचला असता."

तिला वाटलं असेल, आपण शेवटी खरं बोललो, मन मोकळं केलं. तिचं झालंही मोकळं. लुदी तशीच बसून राहिली, मुठीत कुसळं, तोंड उघडं. लोक आपापल्या घरी निघाले, एकमेकांकडे न बघता. बँडवाल्याने ट्रम्पेट पिशवीत घातलं. लुदीला मी आणि तिच्या नवऱ्याने उचलून आत नेलं, तिची मूठ सोडवायला आम्हा दोघांचा जोर लागला.

सालुदने झगा चर्चमध्ये नेऊन ठेवला आणि त्याच आठवड्यात बाकोलोदला भाच्याकडे निघून गेली. माउलीला परत कपडे घालायला कुणी तयार होईना, आणि मळ्याच्या मालकाच्या मुलाचं म्हणणं पडलं की मासिकात आहे तशीच राहू दे. लुदी आता चर्च झाडत नाही. माझ्याशेजारी बसते, पण माळा ओवत नाही, फुलं तशीच सुकतात. आणि लोक मला विचारतात, सालुदला तू माफ केलंस का? रांगेतल्या टोमण्यांबद्दल, बहिणीबद्दल, नवऱ्याच्या दम्याबद्दल, सगळ्याबद्दल केलं असतं. पण जन्मभर खोटं बोललीस ना, सालुद? मग त्या दारात आणखी एकदा बोलायला तुझं काय जात होतं?